काकाची विहीर आणि दहा रुपयांचा स्टॅम्प

माझा काका मे २०१२ मध्ये गावाकडच्या विहिरीत बुडून गेला. मी तेव्हा सातवीची परीक्षा देऊन सुट्टीवर होते. नाशिकरोडला, जेलरोडवरच्या आमच्या घरी रात्री साडेनऊला फोन आला. आई-पप्पा अंगावरच्या कपड्यांनिशी सिन्नर फाट्यावर गेले आणि मिळेल त्या गाडीत बसले. मला शेजारच्या मावशींकडे झोपायला पाठवलं. त्या रात्रीचं मला स्वतःला एवढंच आठवतं. बाकी सगळं ऐकीव.

ऐकीव गोष्टी दोन होत्या. घरात म्हणायचे, मोटार पाणी ओढत नव्हती, म्हणून काका फुटव्हॉल बघायला विहिरीत उतरत होता आणि पडला. गावात म्हणायचे, उडी मारली. डोक्यावर सोसायटीचं कर्ज होतं, आणि मुख्य म्हणजे काकाला पोहता येत होतं. पोहणारा माणूस बुडतो कसा?

गावातली गोष्ट जिंकली. आजी नाशिकरोडला आमच्याकडे आली ती परत गावात राहायला गेलीच नाही. त्या वेळी सरकारची शेतकरी अपघात विमा योजना होती. विहिरीत बुडून गेलेल्या शेतकऱ्याच्या घरच्यांना तिचा आधार होता, पण आत्महत्या त्यात बसत नव्हती. काकूला कुणीतरी सांगितलं, ‘तुमचं नाही होणार त्यात’. तिने अर्जच केला नाही. माझा चुलत भाऊ तेव्हा सात वर्षांचा होता. शाळेत त्याला पोरं काय म्हणायची ते त्याने आम्हाला कधी सांगितलं नाही. ते आम्हाला दुसऱ्यांकडून कळलं.

२०२३ च्या सुरुवातीला तो आयटीआयसाठी आमच्याकडे राहायला आला. एका रात्री सगळे झोपल्यावर मोबाईलमधून मान वर न काढता त्याने विचारलं, “ताई, खरंच मारली का गं उडी?”

मी म्हटलं, “माहीत नाही.” आणि मग माझ्या लक्षात आलं की हे कुठेतरी लिहिलेलं असणार. माणूस विहिरीत मेला म्हणजे पोलीस आले असणार, पंचनामा झाला असणार. अकरा वर्षं आम्ही दोन गोष्टींमध्ये अडकून बसलो होतो आणि तिसरी गोष्ट कुठल्यातरी कपाटात पडून होती. ती आमच्यापैकी कुणी वाचलेली नव्हती.

दार कुठलं?

सगळे करतात तेच मी आधी केलं. फोनवर शोधलं. महाराष्ट्र पोलिसांच्या सिटिझन पोर्टलवर एफआयआर बघता येतात. सर्वोच्च न्यायालयाने ७ सप्टेंबर २०१६ रोजी यूथ बार असोसिएशनच्या याचिकेवर आदेश दिला की, लैंगिक गुन्हे, दहशतवाद यांसारखी संवेदनशील प्रकरणं सोडून बाकी एफआयआर चोवीस तासांत संकेतस्थळावर टाकायचे, अडचणीच्या ठिकाणी फार तर ७२ तासांत. जिल्हा निवडायचा, ठाणं निवडायचं, तारीख टाकायची. मी टाकली. काहीच आलं नाही.

येणारच नव्हतं. एक तर प्रकरण २०१२ चं. आणि दुसरं, जे मला तेव्हा माहीत नव्हतं: काकाच्या बाबतीत एफआयआर झालाच नव्हता. कुणी कुणावर गुन्हा केल्याचा संशय नसेल आणि माणूस बुडून, भाजून, साप चावून, झाडावरून पडून गेला, तर पोलीस ‘अकस्मात मृत्यू’ची नोंद करतात. पेपरात आपण रोज वाचतो ती. पोलिसांच्या बोलण्यात तिला ‘एडी’ म्हणतात. तेव्हा ती फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १७४ खाली व्हायची. १ जुलै २०२४ पासून नवी नागरिक सुरक्षा संहिता लागू झाल्यावर ते कलम १९४ झालं. एफआयआर झाला तर फिर्याद देणाऱ्याला प्रत फुकट द्यावीच लागते, तसं कायद्यातच आहे. एडीच्या कागदांची प्रत मात्र घरच्यांना आपोआप मिळत नाही. मागावी लागते.

मागायची कुठे, हाही प्रश्नच. आम्ही नाशिकरोडकर यात जरा गोंधळलेलेच असतो, कारण आमच्याकडे एका किलोमीटरच्या आत तीन तऱ्हेचे पोलीस आहेत. स्टेशनात पाकीट मारलं तर लोहमार्ग पोलीस. ते राज्य सरकारचे. प्लॅटफॉर्मवर खाकीत दिसणारे दुसरे आरपीएफवाले. ते रेल्वेचे, म्हणजे केंद्राचे. त्यांच्याकडची माहिती मागायची तर अर्जही केंद्राच्या नियमांनी करायचा. स्टेशनाबाहेर पडून बिटको चौकात आलात की शहर पोलीस, त्यांचे प्रमुख पोलीस आयुक्त. आणि शहराची हद्द ओलांडून तालुक्यात गेलात की ग्रामीण पोलीस, त्यांचे प्रमुख पोलीस अधीक्षक. काकाचं गाव ग्रामीणमध्ये येतं. गावाचं आणि ठाण्याचं नाव मी लिहीत नाही. काकू अजून तिथेच राहते.

एका शनिवारी मी त्या ठाण्यात गेले. ठाणे अंमलदार वाईट वागले नाहीत. पाणी दिलं, बसा म्हणाले. मग विचारलं, “अकरा वर्षं झाली ताई. आता काय करायचंय त्याचं?”

मला उत्तर देता आलं नाही. खरं तर द्यायची गरजही नव्हती. माहितीचा अधिकार कायदा २००५, कलम ६(२): अर्जदाराला कारण विचारायचं नाही. संपर्कापुरता पत्ता सोडून दुसरी वैयक्तिक माहितीही मागायची नाही. पण हे मला घरी आल्यावर कळलं. तिथे मी फक्त “घरच्यांना बघायचंय” असं पुटपुटले. “लेखी द्या,” ते म्हणाले. निघताना दाराजवळच्या फलकाचा फोटो काढला. त्यावर जन माहिती अधिकारी आणि प्रथम अपिलीय अधिकारी यांची पदं लिहिलेली होती. त्या दिवसाची कमाई तेवढीच.

मी विचारलेले पाच प्रश्न

पहिला अर्ज मी रात्री दीड वाजता लिहिला. आता वाचताना हसू येतं. त्यात पाच प्रश्न होते. माझ्या काकांचा मृत्यू नेमका कसा झाला? पोलिसांनी नीट तपास केला का? केला असेल तर कुटुंबाला का कळवलं नाही? गावात आत्महत्या म्हणतात ते कशाच्या आधारावर? याला जबाबदार कोण?

वर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प चिकटवला आणि पोस्टाने पाठवला. कायद्याने तीस दिवसांत उत्तर द्यायचं असतं. अठ्ठाविसाव्या दिवशी आलं. एक परिच्छेद. अर्जदाराने प्रश्नार्थक स्वरूपाची माहिती मागितली आहे, ती ‘माहिती’च्या व्याख्येत बसत नाही, सबब देता येत नाही.

मी चिडले. पप्पांना म्हटलं, बघा, लपवतायत. पप्पा काही बोलले नाहीत. प्रेसमध्ये तीस वर्षं नोकरी केलेला माणूस सरकारी कागदावर पटकन चिडत नाही.

दुसऱ्या दिवशी ऑफिस सुटल्यावर तो कागद घेऊन मी नाशिकरोड कोर्टाजवळच्या एका टायपिंगवाल्या काकांकडे गेले. त्यांनी माझा अर्ज वाचला, त्यांचं उत्तर वाचलं आणि म्हणाले, “बरोबर आहे त्यांचं.”

“बरोबर कसं?”

“पोरी, तू त्यांना ‘का’ विचारतेस. ‘का’चं रजिस्टर नसतं. कागदाचं नाव माग.”

ते अगदी खरं होतं. कायदा ज्याला माहिती म्हणतो ती म्हणजे कार्यालयात असलेलं अभिलेख, कागदपत्रं, टिपणी, अहवाल, नमुने. जे लिहिलेलं आहे ते. सर्वोच्च न्यायालयानेही २०११ मध्ये सीबीएसई आणि आदित्य बंदोपाध्याय यांच्या खटल्यात हेच म्हटलं आहे: जे अभिलेखात आहे ते द्यायचं, जे नाही ते तयार करून, विचार करून, मत बनवून देण्याची जबाबदारी कार्यालयावर नाही. तो खटला एका विद्यार्थ्याने स्वतःची तपासलेली उत्तरपत्रिका मागितल्याचा होता. त्यालाही ‘मला कमी मार्क का’ याचं उत्तर मिळालं नसतं. उत्तरपत्रिका मिळाली.

म्हणजे आधी हे माहीत पाहिजे की विहिरीत माणूस मेल्यावर कुठले कागद तयार होतात. टायपिंगवाल्या काकांनी ते बोटांवर मोजून सांगितले. कुणीतरी दिलेली खबर. स्टेशन डायरीतली नोंद. एडी नंबर. प्रेताचा पंचनामा, म्हणजे इन्क्वेस्ट. घटनास्थळाचा पंचनामा. साक्षीदारांचे आणि नातेवाइकांचे जबाब. शवविच्छेदनाचा अहवाल. जप्त वस्तूंची यादी आणि त्या परत दिल्याची पावती. आणि शेवटचा अहवाल, जो कार्यकारी दंडाधिकाऱ्यांकडे जातो.

ही यादी ऐकताना पहिल्यांदा मला वाटलं की काका खरोखर मेला आहे. त्याच्यावर नऊ प्रकारचे कागद झाले होते आणि आम्ही आपले दोन अफवांवर जगत होतो.

सही कुणाची

दुसरा अर्ज माझ्या नावाने करायचा नाही असं मी ठरवलं. कुणीही नागरिक अर्ज करू शकतो, नातं लागत नाही. पण हे काकूच्या नवऱ्याचे कागद होते, आणि त्यात काय निघेल ते मला माहीत नव्हतं. तिला न विचारता मी ते उघडणं बरोबर नव्हतं. शिवाय व्यवहाराचाही मुद्दा होता. कलम ८(१)(ञ) खाली ‘वैयक्तिक माहिती’ म्हणून नकार देता येतो. पत्नीनेच मागितलं तर असा नकार देणं अवघड जातं.

काकू आधी नको म्हणाली. “पोलिसांच्या दारात कशाला? आणि गावात कळलं तर म्हणतील, आता पैशासाठी उकरतायत.”

तिची भीती खोटी नव्हती. आपल्याकडे ‘आरटीआयवाला’ हा शब्द बऱ्याचदा शिवीसारखा वापरतात. खंडणी मागणारा अशा अर्थाने. काहींनी तसे उद्योग केलेही आहेत. आणि दुसऱ्या टोकाला सतीश शेट्टी आहेत. जमिनीचे व्यवहार माहितीच्या अधिकारात बाहेर काढणारा तळेगाव दाभाड्याचा हा कार्यकर्ता. १३ जानेवारी २०१० च्या सकाळी फिरायला निघालेला असताना भर रस्त्यात त्यांचा खून झाला. ज्या राज्याने केंद्राच्या आधी, २००२ मध्येच, स्वतःचा माहिती अधिकाराचा कायदा केला, अण्णा हजारे ज्यासाठी उपोषणाला बसले, त्याच राज्यातली ही गोष्ट. आमचं प्रकरण तसलं नव्हतं, त्यात कुणाच्या जमिनी नव्हत्या. पण भीती प्रकरण बघून येत नाही.

मी तिला आग्रह केला नाही. तिच्या मुलाने मला विचारलेला प्रश्न फक्त तिला सांगितला. ती बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, “कुठं सही करायची?”

अर्ज असा होता. राज्याच्या नियमाप्रमाणे तो जोडपत्र ‘अ’ मध्ये करायचा, विषय एकच ठेवायचा आणि मजकूर साधारण दीडशे शब्दांत बसवायचा. आमचा पन्नासच्या आसपास बसला:

“मे २०१२ मध्ये आपल्या ठाण्याच्या हद्दीत विहिरीत बुडून मृत्यू पावलेले माझे पती यांच्या अकस्मात मृत्यू नोंदीतील पुढील कागदपत्रांच्या साक्षांकित प्रती मिळाव्यात: खबर, स्टेशन डायरीतील संबंधित नोंद, मरणोत्तर पंचनामा, घटनास्थळ पंचनामा, सर्व जबाब, शवविच्छेदन अहवाल, मुद्देमाल यादी व ताबा पावती, अंतिम अहवाल. कागदपत्रे अन्य कार्यालयात असल्यास कलम ६(३) नुसार अर्ज तिकडे हस्तांतरित करून मला कळवावे.”

शेवटचं वाक्य टायपिंगवाल्या काकांचं. ते पुढे फार कामाला आलं. ज्या कार्यालयात माहिती नाही, त्याने अर्जदाराला हाकलायचं नसतं. पाच दिवसांच्या आत अर्ज योग्य कार्यालयाकडे पाठवायचा असतो.

मिळून आली नाहीत

दुसरं उत्तर मेच्या मध्यावर आलं. कागदपत्रे जुनी असल्याने शोध घेता मिळून आली नाहीत.

या वेळी मी चिडले नाही. वाचायला बसले. जेवणाच्या सुट्टीत, लोकलसारखी भरलेल्या सिटीबसमध्ये, झोपायच्या आधी. पोलीस कुठल्या कारणाने नाही म्हणू शकतात आणि कुठल्या कारणाने नाही, हे तेव्हा कळलं. तुमच्याही उपयोगाचं आहे म्हणून सांगते.

सगळ्यात जास्त वापरलं जाणारं कारण म्हणजे कलम ८(१)(ज): माहिती दिल्याने तपासाला, आरोपी पकडायला किंवा खटल्याला अडथळा येईल. पण नुसतं ‘तपास चालू आहे’ म्हणणं पुरत नाही. डिसेंबर २००७ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने भगतसिंग नावाच्या एका अर्जदाराच्या प्रकरणात सांगितलं की, तपास प्रलंबित आहे एवढ्यावर माहिती नाकारता येत नाही. ती दिल्याने अडथळा कसा येईल ते अधिकाऱ्याने दाखवलं पाहिजे. आमचा तपास तर केव्हाच मिटलेला. दुसरं कारण कलम ८(१)(छ): कुणाच्या जिवाला धोका होईल, किंवा पोलिसांना गुपचूप माहिती देणाऱ्याचं नाव उघड होईल. ते रास्त आहे. तिसरं वैयक्तिक माहितीचं. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने ते कलम आणखी कडक केलं, त्यातली जनहिताची सवलत काढून टाकली. मात्र कलम ८(२) राहिलं आहे: जनहित हानीपेक्षा मोठं असेल तर माहिती देता येते. आणि एखाद्या पानाचा काही भाग देण्यासारखा नसेल तर कलम १० प्रमाणे तेवढा झाकून बाकीचं द्यायचं असतं.

‘सापडत नाही’ हे कारण या यादीत कुठेच नाही. सप्टेंबर २०१३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने विश्वास भांबुरकर प्रकरणात हेच म्हटलं: फाईल मिळत नाही म्हणून हात झटकता येणार नाहीत, शोध घ्यावा लागेल, गरज पडली तर चौकशी करून जबाबदारी ठरवावी लागेल. महाराष्ट्राचा तर स्वतंत्र सार्वजनिक अभिलेख कायदा आहे, २००५ चा. अभिलेख बेकायदा नष्ट करणाऱ्याला त्यात पाच वर्षांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. मुदत संपल्यावर कागद नष्ट करता येतात, पण त्याचीही नोंद ठेवावी लागते.

पहिलं अपील उत्तर मिळाल्यापासून तीस दिवसांत करायचं. राज्यात त्याला वीस रुपयांचा स्टॅम्प लागतो. मी तीन वाक्यं लिहिली. नकाराला कायद्यातलं कलम दिलेलं नाही. कागद नष्ट केले असतील तर नष्ट केल्याच्या नोंदीची प्रत द्यावी. दुसरीकडे पाठवले असतील तर जावक नोंदीची प्रत द्यावी.

जूनच्या शेवटच्या आठवड्यात सुनावणी लागली. काकू, भाऊ आणि मी गेलो. काकूने लग्नातल्यासारखी साडी नेसली होती. अपिलीय अधिकाऱ्यांची केबिन लहान होती, पंखा मोठा आवाज करत होता. त्यांनी अपील वाचलं आणि शेजारी उभ्या असलेल्या हवालदारांना विचारलं, “एडीचं रजिस्टर आणलंय का?” आणलं होतं. २०१२ चं, कडेला वाळवी लागलेलं. हवालदारांनी बोट फिरवत फिरवत काकाची ओळ काढली. शेवटच्या रकान्यात निळ्या शाईत लिहिलं होतं: कागदपत्रे प्रांत कार्यालयाकडे रवाना, पुढे जावक क्रमांक आणि तारीख.

म्हणजे ठाण्यात ते खरंच नव्हते. कुणी लपवलं नव्हतं आणि कुणी शोधलंही नव्हतं. त्या एका ओळीपर्यंत जायला कुणाला तरी दहा मिनिटं लागली असती, आणि कागदाचं नाव घेऊन मागणारं कुणी येईपर्यंत ती दहा मिनिटं कुणी दिली नव्हती.

अधिकाऱ्यांनी अर्ज प्रांत कार्यालयाकडे पाठवण्याचा आदेश दिला. बाहेर पडताना हवालदार काकूला म्हणाले, “वहिनी, तेव्हा मी या ठाण्यात नव्हतो.” ते माफी मागत होते की सुटका करून घेत होते, कळलं नाही. काकू म्हणाली, “असू द्या.”

एकोणीस पानं

प्रांत ऑफिसच्या अभिलेख कक्षात कागद अजून कापडाच्या रुमालात बांधून ठेवतात. जुलैच्या अखेरीस आमचा रुमाल निघाला. एकोणीस पानं. पानाला दोन रुपये, म्हणजे अडतीस रुपये, रीतसर पावती. दोन अर्जांचे वीस, अपिलाचे वीस, हे अडतीस. अकरा वर्षांच्या मौनाचा सरकारी खर्च अठ्ठ्याहत्तर रुपये आला. एसटीचं भाडं वेगळं.

आम्ही ती पानं घरी, नाशिकरोडला वाचली. आजी खाटेवर, काकू खाली चटईवर, पप्पा दाराशी खुर्चीत. मी मोठ्याने वाचत होते.

घटनास्थळ पंचनाम्यात विहिरीचं माप होतं. पाणी अंदाजे दोन पुरुष. काठावर पायताणाचा जोड. कडेच्या लोखंडी खांबाला बांधलेला नायलॉन दोर, त्याचं एक टोक तुटलेलं. दगडांच्या कपारीत एक पाना. मोटारीचं स्टार्टर बंद. प्रेताच्या पंचनाम्यात डोक्याच्या मागच्या बाजूला जखम. शवविच्छेदनात मृत्यूचं कारण पाण्यात बुडून गुदमरणं. शेजारच्या शेतकऱ्याच्या जबाबात, मोटार दोन दिवस पाणी ओढत नव्हती. दुसऱ्या एका जबाबात, मयत कर्जामुळे काळजीत असायचा. शेवटचा अहवाल चार ओळींचा: बुडून मृत्यू, घातपाताचा संशय नाही, कोणाविरुद्ध तक्रार नाही.

मी थांबले. भावाने विचारलं, “उडी?”

एकोणीस पानांत तो शब्द नव्हता. मी परत चाळली. नव्हताच.

इथे मला प्रामाणिक राहिलं पाहिजे. कागदाने ‘पडला’ असंही म्हटलं नव्हतं. दोर तुटला म्हणून तो पडला, डोकं कपारीवर आपटलं, म्हणून पोहता येत असून बुडाला, ही गोष्ट मी त्या कागदांवरून जुळवते. ती मला खरी वाटते. पण कर्जाचा जबाबही त्याच फाईलमध्ये आहे आणि तो मी फाडून टाकू शकत नाही. त्या दुपारी ऊन्हात विहिरीवर उभ्या राहिलेल्या एका हवालदाराने आणि दोन पंचांनी जे डोळ्यांना दिसलं ते लिहिलं. काकाच्या मनात काय होतं ते त्यांना दिसलं नाही. तिसरी गोष्ट मिळेल म्हणून मी गेले होते. मिळाली ती अर्धी. पण ती अर्धी गोष्ट बघून लिहिलेली आहे. गावातली पूर्ण गोष्ट कुणीच बघितलेली नव्हती.

शेवटून दुसरं पान ताबा पावतीचं होतं. पायताण जोड एक, पाना एक, दोराचा तुकडा एक, मयताच्या भावाच्या ताब्यात दिले. खाली पप्पांची सही.

सगळ्यांनी त्यांच्याकडे बघितलं. पप्पा खूप वेळाने म्हणाले, “त्या दिवशी दहा-बारा कागदांवर सह्या केल्या मी. एकही वाचला नाही. म्हणाले इथे करा, इथे केली.”

“आणि त्या वस्तू?”

“पिशवीत दिल्या होत्या. असतील माळ्यावर.”

कुणी उठून माळ्यावर चढलं नाही. त्या दिवशी तरी नाही.

आज मला कुणी विचारलं की पोलिसांकडचे कागद कसे मागायचे, तर मी कलमांच्या आधी दोन गोष्टी सांगते. कागदाचं नाव घेऊन मागा. आणि घरात कुणी गेलं, अपघात झाला, पोलीस आले, तर ज्या कागदावर सही मागतील तो आधी वाचा, मोबाईलवर फोटो काढू का विचारा, आणि निदान एडी नंबर लिहून घ्या. तेवढं पप्पांनी केलं असतं तर मला अठ्ठ्याहत्तर रुपये आणि पाच महिने लागले नसते. पहिल्या अपिलातही नाही मिळालं तर दुसरं अपील आहे, नव्वद दिवसांत, राज्य माहिती आयोगाकडे. त्याचं नाशिकला खंडपीठ आहे. विनाकारण उशीर करणाऱ्या अधिकाऱ्याला रोज अडीचशे रुपये, जास्तीत जास्त पंचवीस हजार दंडाची तरतूद आहे. आमच्यावर तिथवर जायची वेळ आली नाही. बऱ्याच जणांवर येते, आणि तिथे वाट बघावी लागते.

रात्री आजीने मला जवळ बोलावलं. तिला वाचता येत नाही. ती गठ्ठ्यावर हात ठेवून बसली होती.

“काठावर चपला होत्या म्हणालीस ना?”

“हो आजी.”

“आणि पाना?”

“पाना पण.”

ती थोडा वेळ विचार करत राहिली. मग म्हणाली, “हातात पाना घेऊन कोण जातं मरायला.”

मी काही बोलले नाही. कायद्याच्या भाषेत तो पुरावा नव्हता. त्या रात्री आजी लवकर झोपली. दिवाळीत काकूकडे गावाला जायचं का, असं तिने सकाळी पहिल्यांदा विचारलं.